मानेला बॉबीन

मानेचा पट्टा लागला तेव्हा वाशिमच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बंद करायला सांगितल्या: उशी आणि शिलाई मशीन. उशी मी त्याच दिवशी सोडली. मशीनबद्दल मी "बघू" म्हटलं, तर ते म्हणाले, "बघू नका. खाली बघून बघूनच हे झालंय."

लग्न होऊन वाशिमजवळच्या मालेगावात आले तेव्हापासून मी ब्लाऊज शिवते आहे. आरशात बाजूनं पाहिलं तर माझी मान आधी पुढे जाते आणि मग आठवण झाल्यासारखी वर वळते, नळाच्या तोटीसारखी. गिऱ्हाइकाच्या पाठीचा उतार मी नजरेनं सांगत असे. स्वतःच्या पाठीकडे पाहायला मात्र दवाखान्यातला फोटो काढावा लागला.

दवाखान्यात मला ट्रॅक्शन देत. खुर्चीवर बसवायचं, हनुवटीखाली पट्टा अडकवायचा. पट्ट्याची दोरी डोक्यावरच्या कप्पीवरून पलीकडे जायची आणि तिथे वजन टांगलेलं असायचं. वजन खाली ओढतं, मान वर ताणली जाते. इतर बायका कुरकुरत. मला तो प्रकार फार आवडला. वाकडं झालंय, ताणा, सरळ होईल. शिंपीणबाईला याहून पटण्यासारखं दुसरं काय असणार?

खरं दुखणं घरी होतं. आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत. त्यांनी जाहीर करून टाकलं, "आता तू आराम कर." आराम मला येत नाही. पहिल्या आठवड्यात मी डाळींचे सगळे डबे रिकामे करून पुन्हा भरले. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या खाकी पँटींची कंबर उसवून ठेवली, कारण उसवायला मान फार वाकवावी लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "मशीनले एक गिऱ्हाईक हाये माह्या पाह्यण्यात. घरात मशीन राह्यली तं तू काही थांबत नाही."

मशीन गेली असती तर मी उरलेलं आयुष्य डबे पुसत काढलं असतं. म्हणून मी त्याच संध्याकाळी बसस्टँडजवळच्या फुलवाल्या भाईंकडे गेले. हार, सेहरे, नवरदेवाच्या गाड्या, सत्काराचे गुच्छ, सगळं ते करतात. त्यांच्या घरच्या चार पिढ्यांचे कपडे माझ्या हाताखालून गेले आहेत, त्यामुळे मी त्यांच्या दुकानात थेट आत जाऊन बसू शकते.

"भाई, मला फुलांचं काम सांगा. खाली बघायला न लागणारं."

"तं मंग हार नाई जमत, भाभी. हारात बी मान खालीच." ते त्या वेळी ग्लॅडिओलसची, लांब दांडीवर खालून वर उमलणाऱ्या फुलांची, एक पेंडी सोडत होते. अकोल्याहून आलेली. निम्म्या दांड्या शेंड्याला वाकलेल्या. भाईंनी त्या बाजूला टाकल्या आणि अकोल्याच्या व्यापाऱ्याला दोन शिव्या घातल्या, एक मराठीत आणि एक हिंदीत.

आमच्या घरामागे जमिनीचा एक पट्टा आहे, मेथी-कोथिंबीर करण्यापुरता. बोअरचं पाणी आहे. मी म्हटलं, "हे मी लावते."

"लावा ना. पन दांडी सरळ पायजे, भाभी. वाकडी दांडी गुच्छात उभी राहत नाई, ती शेजारच्या फुलाच्या डोळ्यात जाते. पहिला तोडा आणून दाखवा. पटला तं सिझनभर तुमचाच माल. नाई पटला तं माहं अकोला बरं."

म्हणजे सगळं दांडीच्या सरळपणावर आलं. दांडी सरळ तर मला काम. दांडी वाकडी तर मशीन गिऱ्हाइकाला आणि मी आरामाला. घरी सांगितलं, तर आमच्या यांनी ही अट मान्य केली. मी हरणार याची त्यांना खात्री होती.

कंद लावले. दोन खेपांत लावले, म्हणजे फुलं एकदम येऊन पडायची नाहीत. पानं तलवारीसारखी वर आली. शेजारच्या वहिनी रोज कुंपणापाशी येऊन बघत. खरं तर त्या फुलं बघायला येत नसत. त्यांचा एक ब्लाऊज मान धरण्याआधी कापून ठेवलेला होता, बाह्या एकीकडे आणि पाठ एकीकडे.

"गहू पेरला काय वं?"

"ग्लॅडिओलस आहे."

"कोनता लस? अन माहा ब्लाऊज?"

दांड्या वर निघायला आणि थंडीचा वारा सुटायला एकच गाठ पडली. आमच्या मागे उत्तरेला मोकळं रान आहे. सोयाबीन काढल्यावर तिथे वाऱ्याला अडवायला बाभळीचं एक झाडसुद्धा नाही. दिवसभर वारा दांड्यांना एकाच बाजूला रेटत राही. पण झाडाची गंमत अशी की वाऱ्यानं झुकवलं तरी शेंडा तिथून पुन्हा वर वळतो. त्याला वर कुठे आहे हे अंधारातही कळतं. आधी झुकायचं, मग वर वळायचं. एक दिवस मी वाफ्याच्या कडेला बसून बाजूनं पाहिलं आणि मला माझाच दवाखान्यातला फोटो दिसला. आख्खा वाफा मानेच्या पेशंटांनी भरलेला.

आता कोणत्याही शहाण्या बाईनं वारा अडवला असता. मी पेशंटांवर इलाज सुरू केला.

यात माझ्या माहेराचाही दोष आहे. मेडशीला आमच्या मांडवावर पडवळाचा वेल असायचा. पडवळ बोटभर झालं की आई त्याच्या टोकाला सुतळीनं दगड बांधायची. नाहीतर ते सापासारखं वेटोळं घालतं. दगड बांधला की सरळ हातभर लोंबतं. लहानपणापासून मी हे बघत आले. वाढणाऱ्या गोष्टीला वजन लावलं की ती सरळ येते, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. वाशिमच्या डॉक्टरांनीही तेच केलं, फक्त त्यांच्याकडे दगडाऐवजी पॉलिश केलेलं वजन होतं. एवढा पुरावा असताना कोण थांबणार?

अडचण एकच होती. पडवळ खाली वाढतं, माझी दांडी वर. म्हणून मी कप्पीचा विचार केला. वाफ्याच्या दोन्ही टोकांना बांबू रोवले, वरून तार ओढली. प्रत्येक दांडीच्या शेंड्याला नायलॉनचा धागा हलक्या गाठीनं बांधला, तो तारेवरून पलीकडे घेतला आणि त्याच्या टोकाला वजन म्हणून बॉबीन टांगली. मशीनच्या, दोरा गुंडाळायच्या लोखंडी बॉबिनी माझ्याकडे ढिगानं आहेत, प्रत्येक रंगाला एक. आता नुसत्याच पडून होत्या. काहींवर थोडा थोडा दोरा उरलेला होता, राणी, मोरपंखी, चिंतामणी रंगाचा. उन्हात वाफा मोठा देखणा दिसत होता. एक बॉबीन कमी पडते असं वाटलं तिथे मी दोन लावल्या.

हे ड्युटीवरून आले, डोक्यावरची टोपी न काढता मागच्या दारात उभे राहिले.

"हे काय करून राह्यली तू?"

"ट्रॅक्शन."

"कोनाले?"

"दिसत नाही का?"

"दिसून राह्यलं ना. म्हनूनच विचारतो." मग त्यांनी एका बॉबिनीला बोट लावून झोका दिला. "डॉक्टरले दाखोलं काय यायले? का परस्पर?"

वहिनींनी कुंपणावरून मान काढली. "अवं बाई, फुलाले फाशी काहून देऊन राह्यली? काय केलं त्यायनं?" आणि लगेच, "बॉबिनी आहेत म्हंजे मशीन चालू हाये. माहा ब्लाऊज घे ना मंग."

मी पुढच्या दांडीला गाठ मारली. हसणाऱ्यांना नंतर दाखवू, असा माझा चेहरा होता. तो चेहरा मला आता आठवला की पाणी प्यावंसं वाटतं.

बॉबिनी शेवटच्या रांगेला पुरल्या नाहीत. ती रांग पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होती, भिंतीला लागून, वाफ्याचा तो भाग मला पहिल्यापासून वाया गेलेलाच वाटत होता. मी तिला तशीच सोडली. मनातल्या मनात तिला बिनइलाजाची रांग म्हणून टाकलं.

माझ्या यंत्राचा एक फायदा होता. दांडी वाढली की धागा सैल होई आणि बॉबीन तेवढी खाली उतरे. म्हणजे फुलाची वाढ मला पलीकडच्या बाजूला उलटी मोजता येई. पहिले काही दिवस बॉबिनी उतरत राहिल्या आणि मी खूश होते. मग त्या रेंगाळायला लागल्या. मग थांबल्याच. मला वाटलं खत कमी पडलं. खत दिलं. मग वाटलं धागा तारेला अडकतो. तारेला मशीनचं तेल लावलं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मी प्रत्येक दांडी दोन बोटांत धरून खालून वर सरळ करत असे, काजासाठी पट्टी सरळ करावी तशी. बॉबिनी वाऱ्यावर दिवसभर झुलत. प्रत्येक झोक्याला दांडीला एक हिसका बसे. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी ते काळजी घेणं समजत होते.

तोडा करायचा दिवस जवळ आला. भाईंचा निरोप आला की उद्या सकाळी येतो, माल बघतो. मी दुपारी धागे सोडले. शेंड्याच्या गाठी काढल्या आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

ट्रॅक्शन घेतलेल्या दांड्या सरळ होत्या, हे मान्य करायला हवं. पण त्या माझ्या कमरेपर्यंतही येत नव्हत्या. ठेंगण्या आणि जाड, तुरीच्या बुडख्यासारख्या टणक. गाठ होती तिथे कळ्या दबून एकमेकींवर चढलेल्या. आणि टाकीच्या आडोशाची ती बिनइलाजाची रांग माझ्या खांद्याला लागत होती. बारीक, उंच, सरळ. तिला वारा लागला नव्हता आणि मीही लागले नव्हते.

त्या रांगेतलं खालचं एक फूल उमललं होतं. पाकळीचा काठ झालरीसारखा लाटा लाटांचा होता. झालर मला कळते. झालर कोणी ओढून येत नाही. मुळाशी कापड कमी आणि काठाला जास्त असलं की ते जास्तीचं कापड जागेसाठी आपणच वर-खाली होतं. या पाकळीचा काठ मधल्या भागापेक्षा जास्त वाढला असणार, इतकंच. कळीत ती आधी कापडाच्या ठाणासारखी घट्ट गुंडाळलेली होती, आतून पाणी भरलं, फुगली, उलगडली. हे सगळं आतलं रेटणं होतं. दांडीही तशीच आतून वर रेटत होती आणि मी बाहेरून तिचा शेंडा धरून हिसके देत बसले होते. असं सतत हलवलेलं झाड उंच जायचं सोडून जाड व्हायला लागतं. हे मला नंतर मोबाइलवर एका शेतकऱ्याच्या व्हिडिओत ऐकायला मिळालं. त्या वेळी एवढंच कळलं की माझ्या हातात आता एकच रांग आहे.

ती मी कापली. एवढ्या जपून मी कोणाचा शालूही कापलेला नाही. आणि मग त्या दांड्या घरात आणून दिवाणावर ओला पंचा अंथरून त्यावर आडव्या निजवल्या, एकीला एक लागणार नाही अशा. उशी दिली नाही. डॉक्टर मला म्हणाले होते, सपाट झोपा, मानेला आराम पडेल.

सकाळी उठून पाहिलं तर सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. एकूण एक दांडीचा शेंडा पंचावरून उठून छताकडे वळलेला. रात्रभर त्यांना आडवं ठेवलं, पण वर कुठे आहे हे त्या विसरल्या नव्हत्या. हे आधी वाऱ्याच्या वेळीही मला दिसलं होतं. दिसलं होतं एवढंच.

हे दाढी करत होते. ते ब्रश घेऊनच आले. दिवाणाकडे बघून म्हणाले, "उठले वाटते पेशंट."

"हसू नका."

"हसून नाही राह्यलो. चहा मांडू काय यायले?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ब्रश खाली केला. "भाईले सांगू काय, उद्या ये म्हनून?"

"उद्या काय त्या झोपणार आहेत?"

मी वाकलेली एक दांडी हातानं खाली दाबून पाहिली. कट्कन आवाज आला. म्हणजे दाबणं बंद. ताणणं तर मी करून चुकले होते. पाण्यात उभ्या केल्या तर वळण शेंड्यातच राहणार आणि वर आणखी एक उलटं वळण येणार, हे एव्हाना मलाही समजत होतं. बाहेर फटफटी थांबल्याचा आवाज आला.

ब्लाऊजची पाठ कापताना कात्री चुकून वाकडी गेली की आम्ही काय करतो? रडत नाही. वाकडं गेलं तेवढं कापून टाकतो आणि गळा थोडा खोल ठेवतो. गिऱ्हाइकाला सांगतो, हल्ली असाच चालतो. मी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि सगळ्या दांड्यांचे शेंडे जिथून वळले होते तिथून छाटून टाकले. वरच्या कळ्या तशाही बारीक, हिरव्या, न उमलणाऱ्याच होत्या. खालचा भाग बाणासारखा सरळ. बादलीत उभ्या केल्या. भाई आत आले तेव्हा मी कात्री पाठीमागे धरून उभी होते. या वयात तसं उभं राहणं बरं दिसत नाही.

भाईंनी एक दांडी उचलली, एक डोळा मिटला आणि बांबू पारखावा तशी लांबवर धरून तिच्यावरून नजर टाकली. मग दुसरी. मग तिसरीच्या वरच्या टोकावर अंगठा फिरवला.

"भाभी, शेंडे कुठी गेले?"

"छाटले."

"काहून?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण दिवाणावर ओला पंचा होता आणि जमिनीवर शेंड्यांचा सडा पडला होता. "रात्री आडव्या निजवल्या. सकाळी माना काढून बसल्या."

भाई इतके हसले की त्यांना बादलीचा काठ धरावा लागला. "अकोलेवाला बी आडवाच पाठवते! म्हनून तं वाकते! मी इतके साल समजत होतो, तो हरामखोर मुद्दाम वाकडा माल निवडून मले देते." मग डोळे पुसत म्हणाले, "छाटलं ते चालते. गुच्छात शेंडा कोन पाह्यते? पन रातचं उभं ठेवा आता. अन बाकीचा माल?"

बाकीचा माल मला दाखवावा लागला, आणि बादलीतला टाकीजवळच्या रांगेतला आहे हेही सांगावं लागलं. मागच्या दारी तार अजून होती, तिच्यावर रंगीत दोऱ्याच्या बॉबिनी वाऱ्यावर एकमेकींना लागून किणकिणत होत्या. त्यांच्याखाली ठेंगण्या दांड्यांची फौज. भाईंनी एकदा तारेकडे पाहिलं, एकदा माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे. त्यांना सगळं कळलं असावं. माणूस भला. फक्त म्हणाले, "हे नाई चालत. टाकीजवळची रांग जशी आली तसा माल देत असान तं सिझन तुमचा. पुढची खेप कवा हाये?"

पुढची खेप वाफ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात बोटभर पानांवर होती. तिला टाकीचा आडोसा नव्हता.

ठेंगणी फुलं गल्लीत वाटली. घराघरात तांब्यांमधून ती आठवडाभर उभी होती, पडेनात, कोमेजेनात. दोन दांड्या हे घेऊन गेले आणि मेडशीच्या गाडीत ड्रायव्हरच्या काचेपाशी लावल्या. ड्रायव्हरनं विचारलं, कुठची? हे म्हणाले, दवाखान्यातली.

भाई गेले त्याच दुपारी मी खताची रिकामी पोती गोळा केली. घरची, दिराकडची, वहिनींच्या गोठ्यातली. धुतली, वाळवली, शिवण उसवून सपाट केली. वाफ्याच्या उत्तर बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत उंच पडदा हवा होता, वारा अडेल पण ऊन येईल इतका. हातानं ते शिवायला महाशिवरात्र उजाडली असती. मी मशीनवरचं कापड काढलं, सोळा नंबरची जाड सुई लावली, स्टूल खाली घेतलं, गळ्यात पट्टा घट्ट केला आणि पोत्याची कड सुईखाली सरकवली. पट्ट्यामुळे मान वाकत नव्हती. सुई दिसत नव्हती. पण पोत्याची सरळ शिवण मी डोळे मिटूनही मारू शकते.

आवाज ऐकून हे आले. "डॉक्टरनं मशीन बंद सांगतली होती ना तुले?"

"कपडे बंद सांगितले होते. हे पोतं आहे."

मग पडद्याचं दुसरं टोक जमिनीवर घासत होतं ते त्यांनी उचलून धरलं, तिकिटाची पिशवी धरावी तसं दोन्ही हातांनी, आणि मी पुढे सरकवलं तसे तेही एक एक पाऊल पुढे येत राहिले. "त्या मशीनच्या गिऱ्हाइकाले काय सांगू?"

"सांगा, मशीन शेतीकामात आहे."

कुंपणावरून वहिनींचा आवाज आला. मशीन चालू झाल्याचं त्यांच्याइतकं लवकर गल्लीत कोणालाच कळत नाही.

"वा वं बाई! पोत्याले शिवून देते, मले नाही! अन पोतं तरी कोनाचं हाये? माह्याच गोठ्यातलं ना?"

मी चाक थांबवलं नाही. पुढच्या खेपेची पानं मागच्या दारातून दिसत होती, वारा त्यांना झुकवत होता. मला उठून जाऊन ती सरळ करावीशी वाटत होती. मी दोन्ही हात पोत्यावर दाबून धरले आणि शिवत राहिले.